सगळ्यात कोरडी जागा

चार्जरचा दिवा हिरवा झाला की लोक वायर काढतात. मी काढू देत नाही. हिरवा दिवा म्हणजे पॅक भरला, एवढंच. आतले सेल एका पातळीला आले असं नाही. विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डच्या पॅकमध्ये आम्ही सेलचे दहा गट एकामागे एक जोडतो. काही गट लवकर भरतात, एखादा मागे राहतो. आत एक छोटं सर्किट असतं. ते पुढे गेलेल्यांचं थोडं थोडं सांडून टाकतं आणि मागच्याला वर यायला वेळ देतं. आमच्याकडे कोकणात पंगतीत शेवटच्याचं पान होईपर्यंत बाकीचे हात वाळवत बसून राहतात, तसं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, हिरवा लागला तरी तीन-चार तास लावून ठेवा. हे सांगणं बरोबर आहे, आजही सांगतो. पण सांगितलेलं कोणी अगदी मनापासून पाळलं तर काय होईल, याची मला आता धास्ती असते.

मी सिंधुदुर्गातला, खाडीकाठच्या गावचा. नववीत शाळा सोडली. बाकावर बसवतच नव्हतं, पाय आपोआप हलायचे. मग मोबाइलच्या टॉवरखाली बॅटऱ्या असतात त्या बदलणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर निघालो आणि जिल्हे ओलांडत यवतमाळला आलो. इथे ताप आला. ठेकेदाराची गाडी पुढच्या कामाला निघून गेली. ज्यांच्या दुकानातून आम्ही किरकोळ सामान घ्यायचो, ते चाचा मला रिक्षात घालून स्वतःच्या घरी घेऊन गेले. तापात मी पेज, पेज करत होतो म्हणे. चाचीला पेज ठाऊक नव्हती. तिनं चार घरी विचारलं, तांदूळ शिजवून शिजवून गाळ केला, वर मीठ घालून वाटीत दिला. ती पेज नव्हती. पण ती वाटी मी विसरलेलो नाही. बरा झालो आणि परत गेलोच नाही.

चाचांचं दुकान जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं आणि बॅटरीचं. पावसाळ्यात पाठीवरच्या फवारणी पंपांची रीघ लागते, प्रत्येक पंपात आता लिथियमची बॅटरी असते. हंगाम सरला की हात मोकळे होतात. त्या मोकळ्या दिवसांत मी पॅक बांधायला शिकलो. आधी पंपांचे, मग सायकलींचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक मुलगी तिच्या आईला घेऊन दुकानात आली. काखेत सागवानाची लांब फळी, खाली चार जाड चाकं. राळेगावच्या बाजूचं गाव, घरची शेती. नागपूरला शिकताना वसतिगृहाच्या मागच्या रस्त्यावर ती स्केटबोर्ड शिकली होती. आता राळेगावात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली होती आणि घरापासून बसच्या फाट्यापर्यंत रोज पायपीट होती. कालव्याच्या कडेचा रस्ता नवा, गुळगुळीत. मोटर तिनं मागवली होती. पॅक हवा होता.

चाचांनी फळी उलटी-पालटी करून पाहिली. "हे काय आणलं माय? पोळपाट?"

"चाचा, पोळपाटाले चाकं राह्यते का?" ती म्हणाली.

"आमच्या घरच्या पोळपाटाले पाय हाय. चाकं असते तर तुझी चाची मायेरी निघून गेली असती."

तिची आई पदर तोंडाला लावून हसली. फळीवर उभं राहून पोरगी गावातून जाणार, हे तिला अजून नीट पटलेलं नव्हतं. पण पोरीच्या बाजूनं बोलायला ती इतक्या लांब आली होती, एवढं दिसत होतं.

पॅकला मी तीन आठवडे लावले. घाई केली की मला रात्री झोप लागत नाही. आधी सगळे सेल भरायचे आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये नुसते ठेवून द्यायचे. काही न करता ठेवून देणं, हाच सगळ्यात अवघड भाग. चांगला सेल आहे तिथे राहतो. वाईट सेल कोणी हात न लावता आतल्या आत उतरत जातो. मी रोज सकाळी मीटर लावायचो, खरं म्हणजे दुपारीही. चाचा म्हणायचे, "अंड्यावर कोंबडी बी इतकी उठबस नाही करत बे कोकण्या."

मग निवडलेले चार-चार सेल मिळून एक गट, असे दहा गट केले. प्रत्येक सेलच्या तोंडावर कागदी कडं चिकटवलं, निकेलच्या पट्ट्या वेल्ड केल्या, सर्किट जोडलं, चारही बाजूंनी फायबरची पट्टी घालून वरून आवरण आवळलं. सगळं झाल्यावर पाचवा गट इतरांपेक्षा केसभर मागे राहायला लागला. भरला की पोचायचा, पण शेवटी. चाचांनी पाहून सांगितलं, चालते. मलाही ठाऊक होतं चालतं. तरी तो पाचवा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

घेऊन जायच्या दिवशी मी मायलेकींना समोर बसवून सांगितलं. पॅक ओला होऊ देऊ नका. घरात सगळ्यात कोरडी जागा असेल तिथे ठेवा. आमच्याकडे चार महिने काड्यापेटीसुद्धा ओलसर होते, पापडाला बुरशी येते. माझी आई अजून फोन केला की पहिलं हेच बोलते, "ओल लागूंक दिव नको." ते माझ्या तोंडात बसलेलं आहे. आणखी सांगितलं, ऊन नको, जमिनीवर नको, कोणाच्या पायात येईल असं नको. आणि हिरवा लागल्यावरही राहू द्या.

आईनं बोटांवर परत म्हणून दाखवलं. "कोरडी जागा. ऊन नाही, भुई नाही, पायात नाही." मग मुलीकडे बघून म्हणाली, "हाय ना आपल्याकडे अशी जागा."

मला बरं वाटलं. इतकं नीट ऐकणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

पुढे आठवडाभरानं एका रविवारी सकाळी मुलीनं फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, दादा, पहिल्यांदाच पूर्ण चार्जिंगला लावली, तुम्ही म्हटलं तशा जागी. फळी एका लाकडी पेटीवर ठेवलेली, बाजूला चार्जर, त्याचा लाल दिवा. मागे सगळं पांढरं. मला वाटलं, चुना दिलेली भिंत. घर टापटीप ठेवणारी माणसं आहेत असं मनात आलं आणि मी कौतुकानं फोन चाचीपुढे धरला. ती चहा गाळत होती. तिचं माहेर शेतीवालं.

चाचीनं फोटो पाहिला. गाळणी तशीच हातात. "बेटा, ही भित नोहे. हा कापूस हाय."

कापूस मी गाड्यांवर बघितला होता, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकापुढच्या रांगेत बघितला होता. लोक घरात भरून ठेवतात, भाव येईपर्यंत थांबतात, हे ऐकूनही होतो. पण ऐकलेलं आणि डोक्यात शिरलेलं यात अंतर असतं. चाचीनं हात वर करून दाखवलं. आढ्यापर्यंत. पुढची खोली, कधी मधलीही. वर्षाचा सगळा वेचा त्या खोलीत असतो, माणसं त्याच्यावरच अंथरूण टाकून झोपतात. आणि त्या खोलीइतकी कोरडी खोली घरात दुसरी नसते, कारण कापसाला ओल चालत नाही.

आणि लिथियमचा सेल बिघडला तर पेट घेतो. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. माझ्याकडे तेवढा एकच नंबर होता. रविवारची सुट्टी म्हणजे पोरगी आईबरोबर वेचायला शेतात गेली असणार, असं चाची म्हणाली. मजूर मिळत नाहीत, घरातलं जे मोकळं असेल ते जातं.

चाचा शांत होते. "पॅक तू बांधला. मी पाह्यला. काही होत नाही त्याले."

"पाचवा गट मागे राहतो, चाचा."

"पाचवा, पाचवा. दोन हप्ते झाले, त्याच्या नावाची माळ जपून राह्यला." त्यांनी अर्धा कप चहा प्यायला, मग कप ठेवून दिला. "तरी जा तू. बसून काय करशीन. पण गाडी नको नेऊ, ध्यान तुझं पाचव्यात हाय. यष्टीनं जा."

बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. मी दर दोन मिनिटांनी फोन काढत होतो, लावत होतो, उठून पुढे किती राहिलं बघत होतो. डोक्यात एकच हिशेब चालू होता. सकाळी लावली, भरायला पाच-सहा तास, म्हणजे जोर आता आहे. पाचवा गट आता कुठे असेल. सर्किट चार्जिंग तोडेल वेळेवर. तोडेलच. आणि नाही तोडलं तर.

"काहून उठबस करून राह्यला बापू?" म्हातारी म्हणाली. "मूळव्याध हाय का?"

"नाही आजी. घाई आहे."

"मंग तू उभा राह्यल्यानं बस जोरात पयते का?"

मागचे दोघं हसले. मी बसलो. कळंबला बस थांबली. नारळ-फुलं घेतलेली माणसं गणपतीला उतरली, त्यांच्या जागी दुसरी चढली, कंडक्टर चहाला गेला. म्हातारी उतरताना म्हणाली, "जो काही घोर असंन तो इथं ठेवून जा." मी खिडकीतून देवळाच्या दिशेला हात जोडले. घोर काही तिथे राहिला नाही, बसमध्येच आला.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक मोटारसायकलवाला गावाकडे वळत होता, त्याला हात केला. घराचा पत्ता धड सांगता येईना, म्हणून म्हटलं, "ती मुलगी, फळीवर..."

"फळीवालीच्या घरी ना? बसा. साऱ्या गावची कुत्री वळखते तिले आता."

अंगणाचं फाटक उघडं होतं. ओसरीवर कोणी नाही. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं. मी ढकललं आणि आत गेलो. दारापासूनच पांढरा चढ सुरू झाला होता, मागे वर वर जात वाशांना टेकला होता. त्याच्यावर, पार वरच्या अंगाला, एक माणूस हात उशाशी घेऊन झोपला होता. मुलीचे वडील. खाली पेटीवर फळी. चार्जर पेटीवर नव्हता. तो वायरीनं ओढला जाऊन खाली घरंगळला होता आणि कापसात अर्धा बुडाला होता. दिवा लाल होता. पण आवाज नव्हता.

त्या चार्जरच्या पोटात एक छोटा पंखा असतो. चालू असला की माशीसारखा गुणगुणतो. दुकानात ते गुणगुणणं दिवसभर कानात असतं म्हणून एरवी ऐकूही येत नाही. ते नाही हे मात्र मला दारातच ऐकू आलं. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग चार्जर उचलला. हातात धरवेना. शर्टाच्या टोकात धरून बघितला. पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू ओढले जाऊन बोळा बसला होता. बाहेरचा बोळा पांढरा, आतला चहाच्या डागासारखा पिवळा.

फळीच्या पोटाखाली हात घातला. पॅक गार होता. पाचवा गटही गार. तीन आठवडे मी ज्याची राखण केली होती तो गुपचूप आपलं काम करत बसला होता, आणि बाजारातून आणलेल्या ज्या डब्याकडे मी बघितलंही नव्हतं, तो तापला होता.

"कोण हाय बे?" वरून आवाज आला.

"मी पॅकवाला. यवतमाळहून आलो."

"चप्पल काढ आधी. कापसात चप्पल घालून येते का कोणी?"

मी तिथल्या तिथे चप्पल काढून बाहेर फेकली. काका घसरत खाली आले, डोक्यात, मिशीत तंतू. मी चार्जर पुढे केला. त्यांनी हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग हसतील, चिडतील, काहीतरी विचारतील असं मला वाटलं. त्यांनी चार्जर जिथे पडला होता तिथे गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात कापसात घातला. डोळे मिटून आत चाचपडायला लागले.

"कापूस भडकत नाही पटकन," ते तसेच हात आत ठेवून म्हणाले. "आत धुमसते. वरून पांढरा दिसते, आतून दोन-दोन दिवस चालते. मंग एक दिवस दार उघडलं, हवा लागली, की गेलं घर."

त्यांनी मला दुसऱ्या बाजूनं हात घालायला लावला. मग आम्ही कवळ्या भरभरून कापूस अंगणात न्यायला लागलो. प्रत्येक कवळी उकलायची, नाकाला लावायची, उन्हात पसरायची. थोड्या वेळानं मायलेकी शेतातून आल्या. अंगण पांढरं झालेलं पाहून आईच्या डोक्यावरचं गाठोडं तिथेच खाली आलं. मुलीला काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. ती फळीकडे बघत राहिली, मग ओढणी कमरेला खोचून आमच्यात शिरली.

"दादा, तुम्हीच म्हटलं होतं, कोरडी जागा," कवळी देताना ती हळूच म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं आठवत होती.

"मीच ठरवली थे जागा," आई म्हणाली. "दुसरी कोठची होती? न्हाणी वली, सैपाकघरात पाण्याची गुंडी, ओसरीवर ऊन. कोरडं म्हटलं तर हेच."

सगळे कापूस उकलत होते. चार्जर पडला होता त्याच्या खाली, पेटीच्या मागच्या कोपऱ्यात काकांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी मूठ बाहेर काढली. कापसाची तळहाताएवढी तपकिरी चकती, कडेनं पिवळी होत पांढरी झालेली. त्यांनी ती नाकाला लावली, दाबली, चुरगाळली, पुन्हा नाकाला लावली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"भाजली," ते म्हणाले. "लागली नाही."

तरी थांबले नाहीत. दुपार सरेपर्यंत त्या बाजूचा सगळा कापूस खालपर्यंत उपसला, भुई दिसली. भुईवर हात फिरवून बघितला. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

फळी आता कुठे ठेवायची, हा प्रश्न उरलाच होता. गोठ्यात दगडी गव्हाण होती. बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायला लागल्यापासून ती रिकामी पडलेली. वर पत्रा, खाली दगड, आजूबाजूला जळण्यासारखं काही नाही. कडबाही नाही. मी ती झाडली, फडक्यानं पुसली, फळी आत ठेवून बघितली. बरोबर मावली.

काका गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. "चांगलं हाय. जो वाह्यते त्यालेच खुराक. याले सरकीची ढेप लागत नाही, येवढं बरं."

तेव्हा कुठे आई हसली. तिनं मला जेवायला बसवलं. गरम भाकर, मेथीची भाजी, वर ठेचा. घास तोंडात आणि लक्ष अंगणातल्या कापसावर, असं माझं चाललं होतं. ज्यांचं घर माझ्या सांगण्यावरून जळता जळता राहिलं, ते मला आणखी एक भाकर घे म्हणत होते. मी नको म्हणू शकलो नाही, आणि ती धड चावूही शकलो नाही.

संध्याकाळच्या बसनं परतलो. तो चार्जर बरोबर घेतला. पुढच्या हप्त्यात चाचांनी बिनपंख्याचा, ॲल्युमिनियमच्या खोक्यातला चार्जर शोधून काढला. तो हळू भरतो, पण आत हवा ओढत नाही. मी स्वतः नेऊन दिला, गव्हाणीजवळ विजेचा बोर्ड बसवून दिला.

पण चैन पडेना. काकांचं ते बोलणं, आत दोन-दोन दिवस चालते, माझ्या कानातून जाईना. दोन दिवस गेले, चार गेले, तरी वाटायचं, आपण उपसला तो एका बाजूचा. दुसऱ्या बाजूला एखादी ठिणगी सरकली असेल तर. भाव काही येत नव्हता आणि कापूस काही जात नव्हता. मुलीनं माझी अवस्था ओळखली असावी. ती रोज सकाळी एक शब्द पाठवायची, "पांढरा". चार्जिंग झालं की गव्हाणीचा फोटो, दिवा हिरवा. एखाद्या दिवशी निरोप उशिरा आला की मी दुकानात चुकीच्या पंपाला चुकीची वायर लावायचो. चाचा माझ्या हातातला पंप काढून घ्यायचे आणि मला सेल मोजायला बसवायचे.

संक्रांतीनंतर एकदा दुपारी अनोळखी नंबर वाजला. काका होते.

"बापू, गाडी भरली. गेला कापूस जिनिंगले. आता झोप तू."

मी भिंतीला टेकलो. चाची पलीकडून बघत होती, तिला मी हातानं खूण केली, गेला म्हणून. तिनं वर बघून काहीतरी पुटपुटलं. मला काकांना पुष्कळ काही बोलायचं होतं. ते मला एका शब्दानं टाकून बोलले नव्हते, उलट त्यांनी भाकर वाढली होती, त्याबद्दल. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"काका, खोली झाडून घेतली का? कोपऱ्यात तंतू राहतात. पेटीखाली पण बघा."

ते आतल्या दिशेला तोंड करून ओरडले, "अवं, फडा आण. थो यवतमाळवाला अजून झोपला नाही."